हातमोजे उकळू नका, चोळा

प्रश्न असा आहे: लेहच्या बाजारातून हाताने विणलेले लोकरीचे हातमोजे आणले. मुलगा ऑक्टोबरपासून म्युनिकला शिकायला चाललाय, त्याला ते मोठे होतात. मधलं बोट दीड सेंटिमीटर पुढे लोंबतं, तळव्यात दोन बोटं सहज आत जातील इतकी जागा राहते. पातेल्यात घालून उकळले तर आटतील का?

आटतील, पण उकळून नाही. मी पुण्यात बत्तीस वर्षं विणकामाचे वर्ग घेते आणि हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. बहुतेकांच्या डोक्यात असतं की लोकर गरम पाण्याने आटते. तसं असतं तर लोकर रंगवताच आली नसती. आम्ही लड्या रंगवतो तेव्हा त्या उकळीच्या जरा खालच्या पाण्यात तासभर असतात आणि तरीही सुट्या, मऊ बाहेर येतात. अट एकच, पातेलं ढवळायचं नाही. कुणी चमच्याने हौसेने ढवळलं की लडीची दोरी झालीच म्हणून समजा.

म्हणजे आटवणारी गोष्ट आहे ती घासणं. पाणी, उष्णता आणि साबण त्याला मदत करतात. कारण लोकरीच्या केसाच्या रचनेत आहे. प्रत्येक केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. पावसाळा संपल्यावर गवतातून चालत गेलात की सॉक्समध्ये कुसळं घुसतात ती आठवा. कुसळ एकाच दिशेने सरकतं. तुम्ही जितकं चालाल तितकं ते आत जातं, उलटं कधी येत नाही. लोकरीचा केसही तसाच, चोळला की मुळाच्या बाजूने पुढे सरकतो आणि खवले त्याला मागे येऊ देत नाहीत. हजारो केस असे एकमेकांत घुसले की विणीतली मोकळी जागा संपते आणि मोजा लहान, जाड, घट्ट होतो. कोमट ओलाव्याने केस फुगतो, लवचीक होतो. साबणाने तो सरकायला सोपा जातो. बुरणूस म्हणजे दुसरं काय? न विणता, न मागावर घालता, नुसती लोकर ओली करून दाबून-चोळून केलेलं जाड कापड.

यातच धोकाही आहे. कुसळासारखंच, गेलेला केस परत येत नाही. सैल मोजा घट्ट करता येतो, आटलेला मोजा फारसा सैल करता येत नाही. म्हणून आधी दोन चाचण्या करा आणि मगच पाण्याला हात लावा.

पहिली चाचणी, ती लोकर आहे का? रागावू नका, पण डोंगरातल्या बाजारात घेतलं म्हणजे मेंढीचंच असेल असं नाही. थंडीत आपल्याकडे तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, तिथलाही बराचसा माल लुधियानाहून येतो आणि त्यात ॲक्रिलिक भरपूर असतं. मनगटाच्या आतल्या बाजूला विणकर धाग्याचं शेपूट खोचून ठेवतात. ते सुईने अलगद बाहेर काढा, बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा, चिमट्यात धरा आणि स्वयंपाकघराच्या सिंकवर पेटवा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत धरली की चुरा होते. ॲक्रिलिक वितळतं, भराभर पेटतं आणि मागे कडक काळा मणी उरतो. मणी चुरडला जात नाही. मणी आला तर इथेच थांबा. ॲक्रिलिक कितीही चोळलं तरी आटणार नाही.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते, कारण तिला विणकाम करणाऱ्यांशिवाय कुणी ओळखत नाही. त्याच शेपटाचे दोन तुकडे घ्या. दोघांची टोकं थोडी उसवा, एकमेकांवर ठेवा, त्यांवर थुंकी लावा (लाज वाटत असेल तर कोमट पाणी) आणि दोन्ही तळहातांत धरून अर्धा मिनिट जोरजोरात चोळा, हात गरम होईपर्यंत. मग ओढून पाहा. तुकडे जुळून एक धागा झाला असेल तर तुमचे मोजे आटतील. आम्ही नवा गोळा जोडताना गाठ मारत नाही, असाच सांधा करतो. तुकडे सुटे झाले तर ती लोकर ‘सुपरवॉश’ आहे. म्हणजे मशीनमध्ये धुता यावी म्हणून कारखान्यात तिचे खवले क्लोरीनने बोथट केलेत आणि वर राळेचा पातळ थर चढवलाय. अशी लोकर आटायला तयार नसते. भिजल्यावर उलट लांबते. हाताने विणलेल्या डोंगरी लोकरीत सहसा असं काही नसतं, पण तीस सेकंदांच्या चाचणीने दुपारभराची मेहनत वाचते.

आणखी एक गोष्ट आत हात घालून बघा. अस्तर आहे का? फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं) अस्तर किंवा तळव्याला चामड्याचा तुकडा असेल तर आटवू नका. बाहेरची लोकर लहान होईल, अस्तर तेवढंच राहील आणि आत चुण्या पडतील. दोन रंगांची नक्षी असेल, त्यातही पांढऱ्यावर गडद लाल, तर आधी एका ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून रंग जातो का ते पाहा. पश्मिना असेल तर तिच्या वाटेलाच जाऊ नका, शिंप्याकडून बाजूची शिवण घेऊन वापरा.

आता मापांचं. आटताना विणलेली वस्तू सगळीकडे सारखी लहान होत नाही. साध्या सुलट विणीत उंची जास्त जाते, रुंदी कमी. म्हणून ज्यांचे मोजे फक्त तळव्यात सैल आहेत आणि बोटं बरोबर आहेत त्यांना मी आटवायला सांगत नाही. तळवा बसेपर्यंत बोटं अर्धी होतील. तुमच्या मुलाचा मोजा दोन्हीकडे मोठा आहे आणि लांबीला जास्त, म्हणजे तुमचं नशीब चांगलं. शिवाय एक गोष्ट लोक विसरतात. आटल्यावर मोजा जाड होतो आणि ती जाडी आतल्या बाजूलाही येते. बाहेरून एक सेंटिमीटर कमी झालेला मोजा आतून त्याहून जास्त कमी झालेला असतो.

कागदावर चार मापं लिहा: मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मधलं बोट, अंगठा आणि तळव्याचा घेर. मोज्याची वेगळी, हाताची वेगळी. समजा मोज्याचं मधलं बोट साडेनऊ सेंटिमीटर आहे आणि मुलाचं आठ. मग मी साडेआठावर थांबेन. अर्धा सेंटिमीटर हवा राहू दे. थंडीत बोटांभोवती हवेचा थर लागतो आणि घट्ट मोजा रक्त अडवतो. बर्फात घट्ट मोजे घालून बोटं जास्त गारठतात, हे तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात कळतं.

सामान फार नाही. एक मोठी परात किंवा बाळाला अंघोळ घालायचा टब, दुसरी थंड पाण्याची बादली, दोन जुने टॉवेल, भांडी घासायचे रबरी मोजे दोन जोड, साबण. कपड्यांची साबणाची वडी किसून सपाट चमचाभर, तीन लिटर पाण्याला. लोकरीसाठी मिळणारं सौम्य लिक्विड इथे नको, ते लोकर आटू नये म्हणूनच बनवलेलं असतं. रिठ्याचंही तेच. धुण्याचा सोडा मात्र चुकूनही घालू नका. तीव्र अल्कलीत लोकर कुजते, आणि कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात तर ती विरघळूनच जाते. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस होत नाही, वर पांढरा साका येतो आणि तो लोकरीत अडकतो. नळाचं किंवा पावसाचं पाणी घ्या. फेस फार झाला तरी उपयोग नाही, मोजे नुसते घसरतात आणि केस एकमेकांना धरत नाहीत. बोटांना बुळबुळीत लागेल, पण टबात ढग दिसणार नाहीत, इतकाच साबण.

पाणी ४५ अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर गीझरचं पाणी असं करा की रबरी मोज्यातून हात ठेवता येईल पण सुखाचं वाटणार नाही. एकदम गरमातून एकदम थंडात घातलं की धक्क्याने आटतं असं बरेच जण सांगतात. मी दोन्ही करून पाहिलंय, मला कधी फरक दिसला नाही. थंड पाण्याचा उपयोग वेगळा आहे: त्यात मोजा बुडवला की साबण निघतो, हात पोळत नाही आणि नीट माप घेता येतं.

दोन्ही मोजे एकदमच भिजवा. एक करून मग दुसरा केलात तर जोडी कधीच जुळणार नाही. दहा मिनिटं नुसते बुडवून ठेवा, लोकर आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पिऊनही वरून कोरडी लागते. भिजल्यावर मोजा आधीपेक्षा मोठा आणि लिबलिबीत दिसेल. घाबरू नका, तो पाण्याच्या भाराने ताणला गेलाय.

मग चोळायला घ्या. पहिली काही मिनिटं हलक्या हाताने. केस आधी जागचे सुटले पाहिजेत. तळवा तळव्यावर घासा, पाठ पाठीवर. बोटं एकेक करून तळहातांत घ्या आणि वाती वळतो तशी वळा. यात एक खुबी आहे: ज्या दिशेने चोळाल त्या दिशेने जास्त आटतं. बोटाचा घेर कमी करायचा तर आडवं, वातीसारखं वळा. लांबी कमी करायची तर बोट टोकाकडून मुठीत धरून मनगटाकडे उभं घासा. तुमच्या बाबतीत उभं जास्त, आडवं कमी.

दर तीन-चार मिनिटांनी बोटांच्या आत विणायच्या सुईचं बोथट टोक किंवा लाटण्यासारखी गुळगुळीत काडी घालून फिरवा. हे विसरलात तर बोटाची आतली एक बाजू दुसऱ्या बाजूला चिकटते. एका विद्यार्थिनीच्या मोज्यात करंगळीचा बोळ असा बंद झाला होता की तो आम्हाला कात्रीने उघडावा लागला. मधे एकदा मोजे उलटे करून आतली बाजूही चोळा. दूध पिशवीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून प्रत्येक बोटात एकेक सरकवून ठेवल्या तर चिकटायची भीतीच उरत नाही. बारीक बोटांसाठी मी तसंच करते.

पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही. माणूस कंटाळतो, पाणी आणखी कढत करतो, जोर वाढवतो. आणि मग एकदम होतं. हाताला कळतं: लिबलिबीतपणा जातो, मोजा भाकरीच्या पिठासारखा अंग धरायला लागतो, टाक्यांच्या कडा धूसर होतात. या क्षणापासून दर दोन मिनिटांनी माप. चोळा, थंड पाण्यात बुडवा, टॉवेलमध्ये दाबा, माप घ्या, पुन्हा गरम पाण्यात. शेवटचा सेंटिमीटर दोन मिनिटांतही जाऊ शकतो, आणि माझा तो गेलेला आहे.

माझी गोष्ट सांगूनच टाकते. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी नवऱ्यासाठी मोजे विणले, जरा मोठे झाले. तेव्हा एवढं शिकलेले नव्हते. शेजारणीकडे पुढून उघडणारं मशीन नवीन आलं होतं, त्यात घातले, सोबत जड जीन्स. दार मधे उघडता येत नाही हे मला माहीतच नव्हतं. पन्नास मिनिटं काचेतून बघत बसले. बाहेर आले ते मोजे आमच्या पुतणीच्या बाहुलीला बसले, तेही कोपरापर्यंत. मशीनने आटवता येतं, नाही असं नाही. ४० अंशांचा लहान प्रोग्रॅम, मोजे उशीच्या अभ्र्यात बांधलेले, सोबत टॉवेल नको कारण त्याचे तंतू लोकरीत कायमचे बसतात. पण थांबवून बघता येत नसेल तर बोटांच्या मोज्यांना मी मशीन लावत नाही. टोपी किंवा पिशवी असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्याकडे मशीनपेक्षा चांगलं साधन आहे, तो मुलगा स्वतः. माप दोन-तीन मिलिमीटरवर आलं की त्याला टबापाशी बसवा. आतून पातळ रबरी मोजे घालायला लावा, त्यावर हे ओले लोकरी मोजे, आणि कोमट साबणाच्या पाण्यात हात धुतो तसे हात एकमेकांवर चोळू द्या. पाणी आता त्याला सोसेल तेवढंच. पाच-सहा मिनिटांत मोजा त्याच्या हाताचा आकार घेईल, अंगठ्याच्या बेचक्यातही. इतका नेमका मोजा दुकानात मिळत नाही.

मोठं विणून मग आटवायचं हा काही चुका निस्तरायचा उपाय नाही बरं का. थंड देशांत ती रीतच आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातले आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातले कोळी असे अवाढव्य मोजे विणवून घेत आणि ते आटवून घट्ट करून बोटीवर वापरत. ऑस्ट्रियातले डाखश्टाइन डोंगराच्या नावाचे मोजे गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहेत, तेही मोठे विणून आटवलेले. स्वीडनच्या उत्तरेला लोविका नावाचं गाव आहे. तिथल्या एरिका आयतामा या बाईंनी १८९२ मध्ये जाड लोकरीचे मोजे विणले, ते गिऱ्हाइकाला पसंत पडले नाहीत. त्यांनी ते धुऊन, ब्रशने घासून पुन्हा दिले आणि तेच पुढे त्या गावाची ओळख झाले. फक्त एक लक्षात घ्या: हे सगळे मिटन आहेत, अंगठा वेगळा आणि चार बोटं एका पिशवीत. आटवायला तोच आकार सोपा. पाच बोटांचा मोजा आटवणं कटकटीचं काम आहे, म्हणून वर इतकं पाल्हाळ.

माप आलं की थंड पाण्यात साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, साबणाचा अंश मरतो आणि लोकर मऊ पडते. पिळू नका, पिळल्याने वेडावाकडा आकार तसाच बसतो. टॉवेलमध्ये गुंडाळा आणि गुंडाळीवर पाय देऊन उभे राहा. मग हातानेच बोटं सरळ करा, मनगटाची बरगडीसारखी वीण आडवी ताणून एकत्र आणा, बोटांत जुन्या साडीच्या चिंध्या घाला आणि सावलीत टॉवेलवर आडवे ठेवा. दोरीवर टांगले तर मनगटाकडून लांबतील.

मनगट बहुधा सैलच राहील. आटलेल्या लोकरीची लवचीकता जाते, बरगडीची वीणसुद्धा पूर्वीसारखी ताणून परत येत नाही. तिथे आतून बारीक इलॅस्टिक धागा तीन ओळींत ओवून घ्या, किंवा मनगट उसवून नव्याने विणून घ्या, तासाभराचं काम आहे. उसवायचं असेल तर आटवायच्या आधी उसवा. आटल्यावर टाका सापडत नाही.

थोडं जास्तच आटलं तर? अगदी ओलं असताना, केसांचा कंडिशनर घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मुलाच्या हातावर ओढून बसवा आणि वाळेपर्यंत आत चिंध्या ठासून ठेवा. अर्धा सेंटिमीटर परत मिळू शकतो. दोन सेंटिमीटर मिळणार नाही. ते मोजे मग भाचीला द्या.

आणि वेळेचं बघा. आता भाद्रपदातली पुण्याची हवा, इथे जाड लोकर वाळायला तीन-चार दिवस सहज घेते. रोज बाजू पालटा, आतल्या चिंध्या बदला, पंख्याखाली ठेवलं तर चालेल, इस्त्री किंवा हीटर नको. निघायच्या आदल्या रात्री हा उद्योग काढलात तर मुलगा ओले मोजे पिशवीत घालून विमानात बसेल.